गावाचे नाव लावणारा साहेब

आपल्याकडे माणसाचे आडनाव ऐकले की त्याचा निम्मा पत्ता कळतो. फलटणकर, कऱ्हाडकर, चिपळूणकर. पोस्टमनची सोय व्हावी म्हणूनच आपल्या पूर्वजांनी ही 'कर'ची शेपटी लावून घेतली की काय, अशी मला दाट शंका आहे. गाव सुटते, वाडा पडतो, शेत भाऊबंदांकडे जाते. पण चार पिढ्यांनंतर दादरच्या दुसऱ्या मजल्यावरील दारावरच्या पाटीवर गाव मात्र शाबूत असते. तमासगीर मंडळी तर याबाबतीत सगळ्यांच्या पुढे. फडाच्या पाटीवर आधी बाईंचे नाव, मग बापाचे आणि त्यापुढे ठसठशीत अक्षरांत गावाचे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर! मुक्काम आज इथे आणि उद्या तिथे; पण नावातला मुक्काम कायमचा.

इंग्रजांतही गावावरून पडलेली आडनावे पुष्कळ आहेत. पण वाडवडिलांचे चालते-बोलते आडनाव खुंटीला टांगून हौसेने आपल्या गावाचे नाव लावून घेतलेला एक साहेब आपल्या देशात येऊन गेला, आणि त्याने उमेदीची वर्षे इथेच तोंडाला रंग लावण्यात घालविली. संपादकांनी दिवाळीनिमित्त या सदराला नेहमीपेक्षा सढळ हाताने जागा दिली आहे, तेव्हा आज त्याचीच हकीकत सांगतो. या साहेबाचे नाव जेफ्री केंडल. जन्म १९०९ सालचा, उत्तर इंग्लंडमधील केंडल नावाच्या गावातला. घरचे आडनाव ब्रॅग. रंगभूमीवर पाऊल ठेवले तेव्हा ब्रॅग गेले आणि केंडल आले. आपल्या हिशेबाने म्हणावयाचे तर हे गृहस्थ जेफ्रीराव केंडलकर!

हे केंडल गाव नटांसाठी प्रसिद्ध नाही. ते प्रसिद्ध आहे पुदिन्याच्या वडीसाठी. साखरेचा पाक आणि पुदिन्याचा अर्क यांची ही पांढरी वडी गिर्यारोहक खिशात बाळगतात. १९५३च्या मे महिन्यात हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, त्या मोहिमेच्या शिदोरीत केंडलची ही वडी होती. योगायोग असा की पुढल्याच महिन्यात, १९५३च्या जूनमध्ये, याच गावाचे नाव लावणारा नट आपली नाटक मंडळी घेऊन हिंदुस्थानभर फिरावयास निघाला. वडी सर्वांत उंच शिखरावर गेली आणि नट शाळाशाळांतून हिंडला. नाव दोघांनीही राखले. मात्र एव्हरेस्टची बातमी जगभर झाली आणि शाळेतल्या नाटकाची फार तर दुसऱ्या दिवशीच्या वर्गात चर्चा झाली असेल.

केंडल मुळातच फिरत्या कंपनीचा माणूस. लॉरा लिडेल या नटीशी त्याचे १९३३ साली लग्न झाले. संसार म्हणजे बिऱ्हाड, बिऱ्हाड म्हणजे पेटारे, आणि पेटाऱ्यांत भांड्यांपेक्षा झगे आणि तलवारीच अधिक. ज्यांनी आपल्या जुन्या नाटक कंपन्यांच्या हकीकती वाचल्या असतील त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी इंग्लंडात जी संस्था निघाली होती, तिच्यामार्फत हे जोडपे प्रथम हिंदुस्थानात आले. लढाई संपली, पण या देशाने त्यांच्या मनात घर केले होते. केंडलने 'शेक्सपिअराना' नावाची स्वतःची कंपनी काढली आणि १९४७ साली तो पुन्हा इकडे आला.

साल ध्यानात घ्या, १९४७! दीडशे वर्षे बसलेले साहेब लोक तेव्हा आपल्या ट्रंका बांधून बोटीवर चढत होते. कलेक्टर निघाले, कर्नल निघाले, आणि त्यांची मडमही कुत्र्याला कुशीत घेऊन निघाली. नेमक्या त्याच वेळी हा एक साहेब आपल्या ट्रंका घेऊन उतरत होता. राज्य करावयास आलेले परत जात होते, आणि नाटक करावयास आलेला राहू पाहत होता. त्याच्या हाती हुकूमत नव्हती, मागे पलटण नव्हती. जवळ होते ते पाठ केलेले संवाद, आणि समोर बसलेल्यांनी तिकीट काढले तरच रात्रीचे जेवण.

पुढे ही मंडळी काही वर्षे मायदेशी गेली आणि १९५३ साली पुन्हा आली. त्या वर्षीच्या जूनपासून १९५६च्या डिसेंबरपर्यंत त्यांनी ८७९ प्रयोग केले. आकडा सहज वाचून पुढे जाऊ नका. जरा कागद-पेन्सिल घ्या. हे त्रेचाळीस महिने होतात. म्हणजे महिन्याला सरासरी वीस प्रयोग. उरलेल्या दहा दिवसांत प्रवास, आजारपण, कपड्यांची धुलाई आणि तालीम. आगगाडीने यावयाचे, सामान उतरवावयाचे, मिशनच्या शाळेत, कॉलेजच्या सभागृहात, जिमखान्यात, नाहीतर एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यात पडदे लावावयाचे, आणि संध्याकाळी हॅम्लेट व्हावयाचे. दुसऱ्या दिवशी शायलॉक, तिसऱ्या दिवशी ऑथेल्लो. माणसे थोडी आणि पात्रे फार, म्हणून एकेका नटाने दोन-दोन, तीन-तीन सोंगे आणावयाची. पहिल्या अंकात मेलेला माणूस तिसऱ्या अंकात दाढी लावून निरोप घेऊन यावयाचा. मालकही तोच, दिग्दर्शकही तोच, आणि मुख्य नटही तोच. पोरीबाळीसुद्धा कामाला. धाकटी फेलिसिटी तर अंगावर पिणारे मूल असतानाच रंगभूमीवर वावरली होती. बाळाची भूमिका करावयास बाळच लागते, आणि घरच्या बाळाला पगार द्यावा लागत नाही!

हे सारे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर लंडन येत नाही, सांगवी येते. सांगवी हे आमचे गाव. बारामतीहून फलटणकडे निघालात की नीरेच्या काठी लागते. दोन्ही अंगांना ऊस, मधून रस्ता, पलीकडे सातारा जिल्हा. बारामतीला मोरोपंतांच्या आर्यांचे वैभव आहे. आमच्या गावाकडे तसले काही नाही. आमचे साहित्य आणि संगीत म्हणजे यात्रेतला तमाशा. दिवस मावळता ट्रक येऊन उभा राहावयाचा, कनाती उभ्या राहावयाच्या, आणि ज्या बाईला आम्ही दुपारी विहिरीवर मुलाचे अंग धुताना पाहिले होते तीच रात्री दिव्यांच्या झगझगाटात गवळण होऊन यावयाची. गण झाला, गवळण झाली, वग उजाडेपर्यंत चालला. सकाळी पाहावे तो मैदानात खुंट्यांची भोके तेवढी उरलेली. फड पुढच्या गावाला गेलेला. लहानपणी मला त्या भोकांचे फार वाईट वाटे. आपली सारी रात्र ज्यांनी भारून टाकली त्यांना आपले नावही ठाऊक नाही आणि आपल्याला त्यांचे दुःख ठाऊक नाही, हे तेव्हा शब्दांत सांगता येत नव्हते एवढेच. फडाची सुपारी नारायणगावच्या राहुटीत ठरो की शेक्सपिअरचा प्रयोग शाळेच्या प्रिन्सिपॉलच्या खोलीत ठरो, खुंट्यांची भोके सारखीच.

परवा दसऱ्याला गावी गेलो होतो. माझी पुतणी पुण्याला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत तिने काम केले तेव्हा घरातल्या सर्वांनी टाळ्या वाजविल्या. पण जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "काका, मला नाटकच करायचंय. आणि ते शिकायला मी इंग्लंडला जाणार आहे," तेव्हा टाळी कोणीच वाजविली नाही. दादाने सुपारी कातरता कातरता एवढेच विचारले, "आणि पोटाला काय?" आजीला पोटाच्या आधी लग्न आठवले. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या. मुलगी माझ्याकडे पाहू लागली आणि दादाही माझ्याकडे पाहू लागला. लिहिणारा माणूस घरात असला की त्याला प्रत्येक बाजूची वकिली येते असा लोकांचा समज असतो. मी वकिली केली नाही. मी त्यांना केंडलची गोष्ट सांगितली. ती दोन्ही बाजूंना सारखीच अडचणीची आहे, म्हणून.

आधी मुलीच्या अडचणीचा भाग. केंडल हा लंडनच्या रंगभूमीवरचा मोठा तारा नव्हता. तिथल्या नामांकित नटांच्या पंक्तीत त्याचे पान मांडलेले नव्हते. परदेशी जाऊन त्याला धनदौलत मिळाली असेही नाही. त्याने आपल्याला शेक्सपिअर शिकविला असे जर कोणी म्हणेल, तर तेही मी मान्य करणार नाही. शेक्सपिअर आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी आला होता, आणि तो धोतर नेसून आला होता. १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते, तेव्हा आगरकरांनी तिथे 'हॅम्लेट' हाताशी घेतले होते, आणि १८८३ साली त्यांचे 'विकारविलसित' छापून आले. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांचा चंद्रसेन म्हणजे आपला हॅम्लेट. त्यांच्यासमोर बळवंतराव जोगांची मालिनी. इंग्रजीचे एक अक्षर न येणारे प्रेक्षकही तो पाहून रडले. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. पुढे शिरवाडकरांनी १९५४ साली मॅकबेथला 'राजमुकुट' चढविला. तेव्हा केंडलचा शेक्सपिअर आपल्या गावकुसाच्या आत कधी आलाच नाही. तो इंग्रजीतला आणि इंग्रजी कळणाऱ्यांचा. माझ्या सांगवीच्या आजीने तो पाहिला असता, तर "पोरगं एकटंच काय बडबडतंय?" असे विचारले असते.

मग केंडलने दिले काय? त्याचे उत्तर उत्पल दत्त यांच्या हकीकतीत मिळते. तुम्हा-आम्हांला ते 'गोलमाल'मधले मिशीवेडे भवानीशंकर म्हणून ठाऊक. पण १९४७ साली ते कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले कोवळे पोर होते. कॉलेजच्या नाटकात केंडलने त्यांना पाहिले आणि उचलून आपल्या कंपनीत घेतले. पुढे १९५३-५४ सालीही ते या कंपनीबरोबर हिंडले. नट म्हणजे लहर, प्रतिभेचा झटका, आज रंगले आणि उद्या नाही, ही जी आपल्या हौशी नाटकवाल्यांची समजूत असते, ती तिथे पार धुऊन निघत असली पाहिजे. महिन्याला वीस प्रयोग करणाऱ्याला लहर परवडत नाही. घंटा झाली की उभे राहावयाचे. समोर दोनशे असोत की वीस, आणि अंगात ताप असो की नसो. उत्पल दत्तांनी पुढे काय केले? तेच मॅकबेथ त्यांनी बंगालीत आणले आणि खेडोपाडी नेले. साहेब जिथवर पोचू शकला नाही तिथवर त्याचा चेला पोचला. परक्या मुलखात काम करणाऱ्या माणसाचे यश पुष्कळदा असेच दुसऱ्याच्या हाताने पुरे होते.

आता दादाच्या अडचणीचा भाग. म्हणजे आपल्या सर्व आईबापांच्या.

ज्या दिवसांत शेक्सपिअराना गावोगाव फिरत होती त्याच दिवसांत आणखी एक फिरती कंपनी देशभर हिंडत होती. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ साली काढलेली पृथ्वी थिएटर्स. सोळा वर्षांत त्यांनी २६६२ प्रयोग केले. प्रयोग संपला की हा उंचापुरा देखणा पुरुष दाराशी झोळी पसरून उभा राही, आणि ती झोळी कुठल्या ना कुठल्या गरजूंसाठी असे. १९५६ साली कलकत्त्यात दोन्ही मंडळींची गाठ पडली. म्हणजे मंडळींची पडली ती पडलीच, पण त्याहून अधिक पृथ्वीराजांचा धाकटा मुलगा शशी आणि केंडलची थोरली मुलगी जेनिफर यांची पडली. मुलगा अठरा वर्षांचा, मुलगी वयाने त्याच्याहून मोठी आणि बापाच्या कंपनीची नायिका. शशी काही काळ शेक्सपिअरानात कामालाही राहिला. जावई होण्यापूर्वी सासऱ्याच्या हाताखाली तलवार धरावयास लागण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो!

आणि इथेच गोष्टीला खरे वळण लागते. केंडलला हे लग्न पसंत नव्हते. वाचकहो, जरा विचार करा. ज्या माणसाने घराण्याचे आडनाव टाकून नाटकवाल्याचा मार्ग धरला, ज्याने मायदेश सोडून परक्या मुलखात बिऱ्हाड थाटले, ज्याच्यापुढे रोज रात्री रंगमंचावर बापाचे न ऐकणारी डेस्डिमोना उभी राहत होती, त्याच माणसाला आपल्या मुलीने आपल्या मनाने घर सोडावे हे सहन होईना. मुलगी जाणार हे दुःख होतेच. वर कंपनीची पहिली नटी जाणार हा घाव. ऑथेल्लोचा काळा रंग तोंडाला लावणारा नट, घरात मात्र डेस्डिमोनाचा बाप निघाला. पण शेवटी १९५८ साली मुंबईत लग्न झालेच. शेक्सपिअर शंभरदा पाठ असला म्हणून बापाचे काळीज बदलत नाही, हेच खरे.

जेनिफर गेली, आणि काळही कंपनीच्या हातून चालला होता. आपल्याकडे हे दुःख तीस वर्षे आधीच होऊन गेलेले. १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला, आणि ज्या नाटक कंपन्यांनी मखमली पडदे आणि अत्तरे यांत हजारो रुपये ओतले होते त्या एकामागून एक बसल्या. पृथ्वी थिएटर्स १९६० साली बंद झाली. शेक्सपिअरानाला शाळा होत्या म्हणून ती थोडी अधिक टिकली इतकेच. हिंदी बोलपटाच्या बोर्डापुढे हॅम्लेटचा बोर्ड वाचावयास कोण थांबणार?

या मावळतीचाच एक बोलपट झाला. मुंबईचे इस्माइल मर्चंट निर्माते, जेम्स आयव्हरी दिग्दर्शक, रूथ प्रवर झाबवाला लेखिका, आणि संगीत साक्षात सत्यजित राय यांचे. 'शेक्सपिअर-वाला' हे त्याचे नाव, साल १९६५. हिंदुस्थानात फिरणाऱ्या एका इंग्रज नाटक मंडळीची ही कथा, आणि तिच्यात मालक-मालकिणीची कामे खुद्द जेफ्री आणि लॉरा यांनी केली. मुलगी झाली फेलिसिटी. तिच्यावर प्रेम करणारा तरुण शशी कपूर, म्हणजे घरचा जावईच. त्यात ऑथेल्लोचा प्रयोग ऐन रंगात आला असताना एक सिनेमानटी प्रेक्षागृहात येते आणि साऱ्या माना तिकडे वळतात. रंगमंचावर माणूस प्राणपणाने बोलतो आहे आणि लोक सहीसाठी कागद शोधताहेत! ती नटी झालेल्या मधुर जाफरींना बर्लिनच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. गंमत पाहा, जन्मभर रंगमंचावर राबलेल्या केंडलचा चेहरा जगाने ओळखला तो पडद्यावर, आणि तोही 'आमचे दिवस संपले' हे सांगताना.

बोलपटाच्या शेवटी आईबाप मुलीला बोटीने इंग्लंडला धाडतात. प्रत्यक्षातही फेलिसिटी इंग्लंडला गेली. तिथे तिने रंगभूमीवर आणि दूरचित्रवाणीवर मोठे नाव मिळविले. १९७५ साली सुरू झालेल्या 'द गुड लाइफ' या विनोदी मालिकेने तर ती घराघरांत पोचली. म्हणजे ज्या गावाचे नाव बापाने लावले होते ते नाव इंग्लंडात गाजविले धाकट्या मुलीने, आणि तिचे सारे शिक्षण झाले होते हिंदुस्थानातल्या आगगाडीच्या डब्यांत आणि शाळांच्या रंगमंचांवर.

थोरली जेनिफर मुंबईतच राहिली. शशी कपूर बोलपटांचा नायक झाला. दिवसाला तीन-तीन ठिकाणी धावू लागला. अशा घरातल्या बाईला काही न करताही दिवस काढता आले असते. पण सासऱ्याचे एक स्वप्न होते. कंपनीला हक्काचे घर हवे म्हणून त्यांनी जुहूला जागा घेऊन ठेवली होती, आणि १९७२ साली ते वारले. नवरा-बायकोने त्या जागेवर नाट्यगृह उभे केले. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी पृथ्वी थिएटर उघडले. भपका नाही, झुंबरे नाहीत. दोनशेच्या आसपास खुर्च्या, आणि नट इतका जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम दिसावा. पहिले नाटक कोणते झाले ठाऊक आहे? आपल्या गो. पु. देशपांडे यांचे 'उध्वस्त धर्मशाळा'. हिंदीतून झाले, ओम पुरी आणि नसीरुद्दीन शहा यांनी केले. पण लिहिलेले मराठीत. एका इंग्रज नटाच्या लेकीने, पेशावरकडून आलेल्या सासऱ्याच्या नावाने मुंबईत नाट्यगृह बांधावे आणि त्याचा नारळ मराठी माणसाच्या नाटकाने फुटावा, याहून मुंबईला शोभणारी गोष्ट मला तरी दुसरी माहीत नाही. आणि हे करणारी मुलगी तीच, जी लग्न करून गेली म्हणून 'आता कंपनीचे कसे होणार' असा घोर बापाला लागला होता.

बापलेक पुढे पडद्यावर एकत्र आले. श्याम बेनेगलांच्या 'जुनून'मध्ये आले, आणि १९८१ साली अपर्णा सेन यांच्या '३६ चौरंगी लेन'मध्ये तर विसरता येऊ नये असे आले. जेनिफर त्यात कलकत्त्याच्या शाळेत शेक्सपिअर शिकविणारी एकटी अँग्लो-इंडियन बाई झाली आहे. वर्गातल्या मुलींचे लक्ष खिडकीबाहेर, आणि बाईंचे पुस्तकात. केंडल झाला आहे तिचा वृद्धाश्रमात पडलेला, भान हरपत चाललेला भाऊ. ज्या बापाने मुलीला शेक्सपिअर पाजला, तोच आता तिच्यासमोर आठवण हरवून बसलेला! या कामासाठी इंग्लंडच्या चित्रपट अकादमीने उत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनात जेनिफरचे नाव घेतले. त्यानंतर थोड्याच काळात तिला कर्करोगाने गाठले आणि १९८४ साली ती लंडनला वारली. वय पन्नाशीचे. बाप मागे राहिला. दोन वर्षांनी, १९८६ साली, त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. लॉरा १९९२ साली गेली आणि केंडल स्वतः १९९८ साली.

आपल्या 'नटसम्राट'मधले अप्पा बेलवलकर सारे काही मुलांना देऊन टाकतात आणि रस्त्यावर येतात. केंडलकडे देण्यासारखी इस्टेटच नव्हती. होती ती एक सवय, घंटा झाली की उभे राहण्याची. ती मात्र त्याने दोन्ही मुलींना वाटून दिली, आणि तिचा भाव कधी उतरला नाही. अप्पांची भूमिका १९७० साली प्रथम ज्यांनी उभी केली त्या डॉ. श्रीराम लागूंची हकीकतही इथे आठवते. घसा-कानाचे शस्त्रवैद्य, आफ्रिकेत टांझानियात चांगली नोकरी. ते सारे सोडून मायदेशी आले आणि १९६९ साली पूर्ण वेळ नट झाले. केंडल नाटकासाठी देश सोडून गेला, लागू नाटकासाठी देशात परतले. आपल्या आत्मचरित्राला लागूंनी नाव दिले 'लमाण'. इथला माल तिथे नेऊन पोचविणारा तो लमाण. केंडलला मराठी येत असते तर त्याने हे नाव कदाचित मागून घेतले असते.

आता या घटकेला कितीतरी मराठी घरांत मुले परदेशी जाण्याच्या गोष्टी चालल्या असतील. मुलगा किंवा मुलगी संगणकासाठी जावयाची म्हटली की आपण पेढे वाटतो. नाटकासाठी जावयाची म्हटली की दार लावून घेतो. मुलांना मला एवढेच सांगावयाचे आहे, की 'माझे नाव होईल' या हिशेबाने जाऊ नका. स्वतःला दुसरा प्रश्न विचारा. महिन्यातले एकोणीस प्रयोग करून अंग मोडले आहे, गाव अनोळखी आहे, समोर शाळेतली चुळबुळणारी मुले आहेत, आणि आज विसावा प्रयोग आहे. उभे राहावेसे वाटेल? वाटत असेल तर खुशाल जा. मग ते इंग्लंड असो की इंदापूर.

आणि आईबापांनो, "पोटाला काय?" हा प्रश्न खोटा नाही; तो जरूर विचारा. हिशेब मांडा, वर्षे ठरवा, परत यावयाचे झाले तर दार उघडे आहे हेही सांगा. पण 'आमचे कसे होणार' हा प्रश्न त्या हिशेबात मिसळू नका. तो केंडललाही पडला होता. त्याची कंपनी मोडली ती सिनेमाने मोडली, मुलीने नव्हे. मुलीने तर जुहूला दोनशे खुर्च्यांचे घर बांधून ठेवले, आणि तिथे आजही पडदा उघडतो आहे. दिवाळीच्या सुटीत मुंबईस जाणे झाले तर एखादे तिकीट काढा. सोबत घरातल्या त्या नाटकवेड्यालाही न्या. नाटक संपल्यावर बाहेर चहा मिळतो. बोलणे सुरू करावयास ती जागा घरापेक्षा बरी.